मलेरियाच्या सोप्या मॉलिक्युलर चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत काम करणारे, छोट्या दवाखान्यांतले डॉक्टर, सर्वेक्षणाला जाणारे कार्यकर्ते आणि अधूनमधून रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे तेवढेच ठेवले. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषध कोणतं आणि किती घ्यायचं, हा या पानाचा विषय नाही.

१. मॉलिक्युलर चाचणी म्हणजे नक्की काय? ‘आण्विक चाचणी’ म्हणतात ती हीच का?

हीच. पण ‘आण्विक’ म्हटलं की डोळ्यांसमोर अणुभट्टी येते आणि रुग्ण उगाच बिचकतो. ‘रेणवीय’ हा शब्द जास्त बरोबर, पण बोलताना तो कुणी वापरत नाही. म्हणून इथे मॉलिक्युलरच म्हणू.

काचपट्टीवर आपण परजीवी डोळ्यांनी बघतो. रॅपिड किट परजीवीनं तयार केलेलं प्रथिन पकडतं. मॉलिक्युलर चाचणी शोधते ती परजीवीचा डीएनए, काही वेळा आरएनए. रक्तात तो इतका थोडा असतो की थेट दिसणं शक्यच नाही. म्हणून त्यातला एक ठरावीक तुकडा निवडून त्याच्या कोट्यवधी प्रती काढतात. तुकडा मुळात असेल तरच प्रती निघतात. नसेल तर ट्यूबमध्ये काहीच घडत नाही.

२. काचपट्टी आणि रॅपिड किट असताना आणखी एका चाचणीची गरज काय?

तापानं फणफणलेल्या माणसासाठी बहुतेक वेळा नसतेच. त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये. गरज पडते ती रक्तात परजीवी फार थोडे असताना.

जिएम्सा रंग दिलेल्या जाड रक्तलेपात रोजच्या कामाच्या घाईत साधारण ५० ते १०० परजीवी प्रति मायक्रोलिटर असले की ते नजरेस पडतात. फार कसलेला टेक्निशियन निवांत बसला तर ५ ते १० पर्यंतही पोहोचतो. रॅपिड किटची मर्यादा साधारण १०० ते २०० ची. हे आकडे किरकोळ वाटतात, पण मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. प्रति मायक्रोलिटर १०० परजीवी म्हणजे अंगात ५० कोटी परजीवी, आणि तरीही पट्टीवर रेघ उमटेलच याची खात्री नाही.

रॅपिड किटच्या आणखी दोन अडचणी आहेत. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक जातीसाठीची बहुतेक किट एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. उपचारानं परजीवी मेले तरी ते रक्तात आठवडेच्या आठवडे राहतं, त्यामुळे बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. दुसरी अडचण याच्या अगदी उलट. काही परजीवींमध्ये या प्रथिनाचा जनुकच गळून गेलेला असतो. असे परजीवी पेरूच्या ॲमेझॉन भागात सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, पुढे एरिट्रिया, इथिओपिया, जिबूतीमध्ये ते मोठ्या प्रमाणावर आढळले. तिथे परजीवी भरपूर असूनही एचआरपी-२ किट गप्प बसतं. एखाद्या भागात या कारणानं सुटणाऱ्या केसेस ५ टक्क्यांवर गेल्या तर निव्वळ एचआरपी-२ वर विसंबणारं किट बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

३. मग पीसीआर आहेच की. वेगळी ‘सोपी’ चाचणी कशाला?

पीसीआर उत्तमच आहे. माणसाला नेहमी होणाऱ्या मलेरियाच्या चारही जाती (फॅल्सिपेरम, व्हायवॅक्स, ओव्हेल, मलेरी) ओळखणारी नेस्टेड पीसीआर १९९३ मध्ये आली आणि आजही नवी चाचणी तिच्याशी ताडून पाहतात. पण पीसीआरला दर फेरीत तापमान वरखाली करावं लागतं: सुमारे ९५ अंशांना डीएनएचे धागे सुटे करायचे, ५५ ते ६० च्या आसपास प्रायमर (लक्ष्य ओळखून त्यावर बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटवायचे, ७२ ला धागा वाढवायचा, आणि हे ३० ते ४० वेळा. त्यासाठी थर्मल सायकलर लागतो, त्याला स्थिर वीज लागते. रक्तातून डीएनए स्वच्छ काढावा लागतो, कारण हिमोग्लोबिनमधलं हीम पीसीआरच्या एन्झाइमचा गळा आवळतं. नेस्टेड प्रकारात तर पहिल्या फेरीची ट्यूब उघडून माल दुसरीत घालावा लागतो. निकालाला कित्येक तास लागतात. नमुना दुसऱ्या शहरात पाठवला असेल, तर निकाल येईपर्यंत रुग्ण बरा झालेला असतो किंवा दगावलेला.

‘सोप्या’ चाचण्यांनी यातली मुख्य अट काढून टाकली, ती तापमान वरखाली करण्याची. एकाच तापमानाला काम होतं, म्हणून त्यांना समतापी चाचण्या म्हणतात. मलेरियात त्यातली सर्वांत रुळलेली लॅम्प (लूप-मीडिएटेड आयसोथर्मल ॲम्प्लिफिकेशन).

मात्र सोपं झालं ते प्रती काढण्याचं काम. रक्त तयार करणं, पिपेट नीट चालवणं आणि एका ट्यूबमधलं दुसरीत न जाऊ देणं ही कामं होती तशीच आहेत. किटच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरातही सापडत नाही.

४. लॅम्प एकाच तापमानाला कशी चालते?

जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत. तिची किमया दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट, तिचा एन्झाइम. गरम झऱ्यांसारख्या जागी राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळवलेला बीएसटी पॉलिमरेज ६० ते ६५ अंशांना आरामात काम करतो आणि डीएनएचा नवा धागा विणता विणता समोरचा जुना धागा बाजूला सारत जातो. त्यामुळे धागे सुटे करायला दर वेळी ९५ अंशांची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट, प्रायमर. पीसीआरमध्ये दोन असतात. लॅम्पमध्ये चार, आणि ते लक्ष्याच्या सहा वेगवेगळ्या जागा ओळखतात. आणखी दोन घातले तर वेग वाढतो आणि ओळखल्या जाणाऱ्या जागा आठ होतात. प्रायमर अशा रीतीनं रचलेले असतात की नव्या धाग्याची टोकं स्वतःवरच वळून फास तयार करतात. प्रत्येक फासापासून पुन्हा नवं विणकाम सुरू होतं. तासाभरात एका प्रतीच्या अब्जावधी प्रती होतात. सहा-आठ जागा जुळल्याशिवाय साखळी सुरूच होत नसल्यामुळे भलत्याच डीएनएवर ती सहसा फसत नाही.

इतका डीएनए तयार होताना पायरोफॉस्फेटही खूप सुटतं. ते मॅग्नेशियमशी जुळून ट्यूबमधलं पाणी गढूळ करतं. काही किटमध्ये कॅल्सीन असतं आणि अतिनील दिव्याखाली ट्यूब हिरवी उजळते. हायड्रॉक्सिनॅफ्थॉल ब्लू घातलं असेल तर जांभळ्याचा आकाशी रंग होतो, फिनॉल रेड असेल तर गुलाबीचा पिवळा. म्हणजे निकाल उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. गढूळपणा मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर जास्त चांगलं, कारण दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी सगळेच रंग थोडे जांभळे आणि थोडे आकाशी दिसू लागतात.

मलेरियासाठी लॅम्प २००६ च्या सुमारास दाखवली गेली. ‘लूपॲम्प’ या जपानी किटला २०१२ मध्ये युरोपचं सीई चिन्ह मिळालं. त्यात अभिक्रियेचा माल वाळवून ट्यूबच्या झाकणातच बसवलेला असतो. परजीवीच्या मायटोकाँड्रियातला डीएनए हे त्याचं लक्ष्य आहे. एका परजीवीत त्याच्या कित्येक प्रती असतात, त्यामुळे सापडण्याची शक्यता वाढते.

५. रक्त किती लागतं? शिरेतूनच काढावं लागतं का?

नाही. बोटाला टोचून निघालेले थेंब पुरतात, बहुतेक पद्धतींत ३० ते ६० मायक्रोलिटर. दूरवरून गोळा करायचे असतील तर रक्त फिल्टर पेपरवर घेऊन पूर्ण वाळवतात आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत बंद पिशवीत ठेवतात. पूर्ण वाळवणं यातली खरी गोम आहे. अर्धवट ओला कागद पिशवीत गेला की त्यावर बुरशी येते आणि डीएनए नासतो.

तयारीचे दोन मार्ग. खरेदी केलेल्या साधनानं डीएनए शुद्ध करून घ्यायचा, किंवा ‘उकळा आणि फिरवा’: रक्त द्रावणात मिसळून ९५ अंशांना पाचेक मिनिटं ठेवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. बीएसटी एन्झाइम रक्तातल्या अडथळ्यांना पीसीआरच्या एन्झाइमपेक्षा जास्त सोसतो, म्हणून हे चालून जातं. वरचं पाणी उचलताना खालचा गाळ हलला तर मात्र सोसण्यालाही मर्यादा आहे.

६. आमच्याकडे वीज येते-जाते. ही चाचणी होईल का?

होईल. ६५ अंश ४० मिनिटं टिकवणारं काहीही चालतं: हीटिंग ब्लॉक, पाण्याचं भांडं, बॅटरीवरचा छोटा इनक्युबेटर. वीज अजिबात न वापरता, रासायनिक क्रियेतून निघणारी उष्णता थर्मासमध्ये धरून लॅम्प करून दाखवलेली आहे. पण ‘उकळा आणि फिरवा’ करायचं तर सेंट्रिफ्यूजला वीज हवीच. खरेदीआधी विक्रेत्याला विचारायचा प्रश्न ‘यंत्र बॅटरीवर चालतं का’ एवढाच नाही. ‘रक्त घेतल्यापासून निकाल वाचेपर्यंतची प्रत्येक पायरी बॅटरीवर होते का’ असं विचारा.

पीसीआरच हवी असेल तर बॅटरीवर चालणारी, चिपवर होणारी रिअल-टाइम पीसीआर यंत्रंही निघाली आहेत. ट्रूनॅट हे त्यातलं एक. त्यात एका वेळी थोडेच नमुने होतात. रोज दोन-चार नमुने येणाऱ्या केंद्राला ते परवडतं, हजारोंच्या सर्वेक्षणाला नाही.

७. ‘एक परजीवीसुद्धा पकडते’ असं किटवर लिहिलंय. खरं आहे का?

वाक्य खरं असू शकतं, अर्थ मात्र बहुतेक वेळा चुकीचा घेतला जातो. प्रति मायक्रोलिटर १ ते ५ परजीवी असले तर चांगली लॅम्प ते पकडते. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, म्हणजे ५० लाख पेशींत एक बाधित पेशी. ही कामगिरी मोठीच आहे.

पण अंगातल्या ५ लिटरपैकी ट्यूबमध्ये शेवटी किती मायक्रोलिटरचा माल जातो ते पाहा. समजा पाच मायक्रोलिटर रक्ताइतका गेला आणि रुग्णाच्या रक्तात दर पाच मायक्रोलिटरला सरासरी एक परजीवी आहे. सरासरी एक, म्हणजे प्रत्येक थेंबात एक असं नव्हे. कुठल्या थेंबात दोन-तीन येतील, कुठल्यात एकही नाही. हिशेब केला तर १०० पैकी ३७ वेळा त्या पाच मायक्रोलिटरमध्ये एकही परजीवी येत नाही. जो ट्यूबमध्ये आलाच नाही, त्याला कोणतंही रसायन शोधू शकत नाही. ९५ टक्के खात्री हवी असेल तर त्या थेंबात सरासरी तीन तरी परजीवी असावे लागतात.

म्हणून अतिसूक्ष्म संसर्ग शोधणारे संशोधक रसायन बदलण्याआधी रक्त वाढवतात. शिरेतून मिलिलिटरभर घेऊन त्यातला डीएनए एकवटतात. लक्ष्याच्या प्रती जास्त असणं, किंवा आरएनए शोधणं, याचाही फायदा होतो, कारण एकच परजीवी फुटला तरी त्यातून शेकडो-हजारो तुकडे द्रावणभर पसरतात.

८. तापाच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करावी का?

माझं उत्तर नाही असं आहे. संशयित मलेरियाचं निदान उपचाराआधी परजीवी दाखवून पक्कं करावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१० पासूनची शिफारस आहे. त्यासाठी नीट केलेली काचपट्टी किंवा दर्जेदार रॅपिड किट पुरेसं आहे. मलेरियानं आजारी पडलेल्या माणसाच्या रक्तात सहसा इतके परजीवी असतातच की ही साधनं त्यांना पकडतात. २०१४ मध्ये संघटनेनं मॉलिक्युलर चाचण्यांची जागा मुख्यतः कमी प्रसाराच्या भागातली सर्वेक्षणं आणि संशोधन इथे दाखवली, तीही याच कारणानं.

दुसरं असं, की रॅपिड किट २० मिनिटांत उत्तर देतं. लॅम्पला तयारीसकट तास-दीड तास लागतो, आणि बरेच जण नमुने साठल्यावर एकदम लावतात, म्हणजे संध्याकाळ. फॅल्सिपेरम संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

आणि गंभीर रुग्णात परजीवी आहे-नाही एवढ्यानं भागत नाही, तो किती आहे हे कळावं लागतं. साधी लॅम्प हो किंवा नाही सांगते. मोजदाद काचपट्टीच करते.

९. मग हिचा खरा उपयोग कुठे?

जिथे ‘नाही’ या उत्तराला किंमत आहे, तिथे. मलेरियाच्या देशातून परतलेल्या प्रवाशाला ताप आला आणि पहिली काचपट्टी निगेटिव्ह आली, तर दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा रक्तलेप बघावे लागतात. लॅम्पचं एक निगेटिव्ह उत्तर या फेऱ्या बऱ्याच वाचवतं. जिथे मलेरिया क्वचित दिसतो अशा काही रुग्णालयांत आता आधी लॅम्प लावतात आणि पॉझिटिव्ह आलेल्यांचीच काचपट्टी जाती आणि संख्येसाठी बघतात. वर्षाकाठी चार केसेस बघणाऱ्या टेक्निशियनच्या नजरेवर अवलंबून राहण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

दुसरी जागा गर्भवती. फॅल्सिपेरमनं बाधलेल्या पेशी वारेत चिकटून दडतात. बोटाच्या रक्तात त्या इतक्या थोड्या उरतात की काचपट्टी आणि रॅपिड किट दोन्ही चुकतात. आईला ताप नसतो, पण रक्तक्षय होतो आणि बाळाचं वजन घटतं.

तिसरी, मलेरिया संपत आलेला भाग. तिथे लक्षणं नसलेले, थोडे परजीवी घेऊन हिंडणारे लोक डासांना संसर्ग पुरवत राहतात. काचपट्टी आणि रॅपिड किटला ते सहसा सापडत नाहीत. मात्र तिथलाच एक सापळा प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. लॅम्प पॉझिटिव्ह, काचपट्टी निगेटिव्ह. खोटं कोण?

बहुतेक वेळा कुणीच नाही. परजीवी काचपट्टीच्या मर्यादेखाली आहेत, एवढाच अर्थ. फॅल्सिपेरमचे प्रौढ परजीवी खोलवरच्या रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे काही तास बोटाच्या रक्तात दिसतच नाहीत. काही तासांनी दुसरी पट्टी घ्या.

खोटं ठरवण्याआधी तीन गोष्टी बघा: त्या वेळचा निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम लावलेली, परजीवी नसलेली ट्यूब) स्वच्छ होता का, रुग्णानं नुकतेच मलेरियाचे उपचार घेतले होते का (प्रश्न ११), आणि शेजारच्या ट्यूबमध्ये खूप परजीवी असलेला नमुना होता का. आणखी एक, मलेरियाच्या भागातल्या माणसाच्या रक्तात थोडे परजीवी असले म्हणून आजचा ताप त्यांच्यामुळेच आला असं होत नाही. तापाचं दुसरं कारण शोधणं थांबवू नका.

११. औषधाचा कोर्स पूर्ण झाला तरी मॉलिक्युलर चाचणी पॉझिटिव्ह. औषध लागू पडलं नाही का?

या निकालावरून ते ठरवता येत नाही. मेलेल्या परजीवींचा डीएनए काही काळ रक्तात राहतो. फॅल्सिपेरमची लैंगिक रूपं, म्हणजे गॅमेटोसाइट, अनेक औषधांना दाद न देता आठवडे टिकतात. त्यांच्यामुळे ताप येत नाही, पण त्यांच्यातही डीएनए असतोच. म्हणून बरं झाल्याची खात्री करायला लॅम्प वापरू नये. त्यासाठी ठरलेल्या दिवशी काचपट्टी बघतात.

परजीवी खरोखर परतले, तर ते जुनेच आहेत की नव्या डासानं आणलेले, हा प्रश्न उरतो. औषधांच्या अभ्यासात त्यासाठी एमएसपी-१, एमएसपी-२ यांसारखे जनुक आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यात जुळवून बघतात. ते मोठ्या प्रयोगशाळेचं काम.

१२. निगेटिव्ह म्हणजे अंगात मलेरिया नाहीच, असं समजायचं का?

रक्तात, सापडण्याइतका नाही, असं समजायचं. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो आणि फॅल्सिपेरमला तिथून रक्तात उतरायला जवळपास आठवडा लागतो. तोवर रक्ताची कुठलीही चाचणी निगेटिव्हच येणार.

व्हायवॅक्स आणि ओव्हेल यांची गोष्ट आणखी अवघड. त्यांची काही रूपं यकृतात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात आणि मग जागी होतात. या झोपलेल्या रूपांना पकडणारी रक्तचाचणी आजवर नाही, किट कितीही महाग असो. उरलेली शक्यता थेंबाच्या नशिबाची, ती प्रश्न ७ मध्ये आली आहे.

१३. मलेरियाचा प्रकार कोणता ते कळतं का?

किटवर अवलंबून. काहींत एक ट्यूब सर्व जातींसाठी आणि दुसरी फक्त फॅल्सिपेरमसाठी असते. पहिली उजळली, दुसरी नाही, तर ‘फॅल्सिपेरम नाही, दुसरं काहीतरी’ एवढंच म्हणता येतं. ते व्हायवॅक्सच असेल असं गृहीत धरू नका. आणि दोन्ही उजळल्या तर फॅल्सिपेरम नक्की आहे, पण सोबतीला व्हायवॅक्स नाही असं सिद्ध होत नाही. मिश्र संसर्ग इथेच निसटतो.

जात ओळखणं का महत्त्वाचं, याचं उत्तम उदाहरण मलेशियाच्या सारावाकमधलं. तिथल्या कापित भागात काचपट्टीवर मलेरी म्हणून नोंदलेले रुग्ण भलतेच आजारी दिसत होते, खरं तर मलेरी हा सौम्य प्रकार. पीसीआर केल्यावर तो नोलेसी निघाला, माकडांमधला परजीवी. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. पण मलेरी ७२ तासांनी वाढतो आणि नोलेसी दर २४ तासांनी, जीवही घेतो. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

१४. परजीवी औषधाला दाद देईल की नाही, हे यातून समजतं का?

नाही. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाला अंशतः न जुमानणाऱ्या फॅल्सिपेरममध्ये केल्च-१३ या जनुकात बदल असतात. ते वाचायला जनुकाचा क्रम पाहावा लागतो. नेहमीची लॅम्प त्या जनुकाकडे बघतही नाही.

१५. निगेटिव्ह कंट्रोलची ट्यूबच उजळली! आता?

त्या वेळचे सगळे पॉझिटिव्ह निकाल रद्द. ‘रुग्णांच्या ट्यूब जास्त उजळ होत्या’ ही सबब चालत नाही.

ही या पद्धतीची सर्वांत दुखरी जागा. ज्या ट्यूबमध्ये अब्जावधी प्रती झाल्या, ती उघडली की न दिसणारे तुषार उडतात. ते टेबलावर, पिपेटवर, हातमोज्यांवर बसतात आणि उद्याच्या प्रत्येक ट्यूबमध्ये पोहोचतात. माझ्याकडून हे एकदा झालंय. सुरुवातीच्या दिवसांत निकाल शंकास्पद वाटला म्हणून मी एक झालेली ट्यूब उघडून त्यातला माल जेलवर चालवून पाहिला, त्याच खोलीत. पुढचे चार दिवस नुसतं पाणी घातलेली ट्यूबही पॉझिटिव्ह येत होती. शेवटी द्रावणं फेकली, पिपेट सुटे करून धुतले, टेबल ब्लीचनं पुसलं आणि कामाची जागा बदलली.

म्हणून झालेली ट्यूब कधीही उघडायची नाही. न उघडता पिशवीत बंद करून कचऱ्यात. रक्ताची तयारी एका टेबलावर, तापवणं आणि निकाल वाचणं दुसरीकडे, जमल्यास दुसऱ्या खोलीत. दुसरीकडून पहिल्या टेबलाकडे काहीही परत आणायचं नाही, पेनसुद्धा नाही. टिप फिल्टरच्याच वापरायच्या. ऑटोक्लेव्हवर भिस्त ठेवू नका. जंतू मरतात, डीएनएचे छोटे तुकडे उरू शकतात.

१६. पॉझिटिव्ह कंट्रोल उजळला नाही, किंवा रंग मधलाच आला. तेव्हा?

पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम परजीवीचा डीएनए घातलेली ट्यूब) फसला तर त्या वेळचे निगेटिव्ह निकाल ग्राह्य नाहीत. बहुतेकदा किट उन्हात राहिलेलं असतं, किंवा झाकणातला वाळवलेला माल द्रावणात नीट मिसळलेला नसतो. ट्यूब उलटी करून तो पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं असतं. घाईत ही पायरी सुटते.

मधला रंग आला तर नमुना पुन्हा लावा. जास्त वेळ तापवून ‘बघू उजळते का’ असं करू नका. ठरलेल्या मुदतीनंतर प्रायमर एकमेकांनाच धरून वाढू लागतात आणि परजीवी नसतानाही रंग बदलतो. काही किटमध्ये माणसाच्या डीएनएचा वेगळा कंट्रोल असतो. तोही कोरा राहिला तर रक्तच नीट तयार झालं नव्हतं असं समजा.

१७. सर्वेक्षणात अपेक्षेपेक्षा खूपच पॉझिटिव्ह निघाले. साथ आली म्हणायची का?

आधी गणित करा. समजा १०,००० लोक तपासले आणि त्यांत खरे बाधित ५० आहेत. चाचणी १०० बाधितांतले ९५ पकडते आणि १०० निरोगी लोकांपैकी एकालाच चुकून बाधित ठरवते. चाचणी म्हणून हे फार चांगलं. ५० पैकी ४८ जण सापडतील. पण उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांतले सुमारे १०० जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे जवळपास १५० पॉझिटिव्हपैकी दोन तृतीयांश खोटे. चाचणीत दोष नाही, आजारच दुर्मीळ आहे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना नव्यानं तयार करून, वेगळ्या लक्ष्याच्या चाचणीनं पुन्हा तपासायचा. तोच तयार माल पुन्हा लावला तर आधीच शिरलेला तुषार पुन्हा पॉझिटिव्हच येणार.

१८. किट फ्रिजमध्येच ठेवावं लागतं का?

वाळवलेल्या मालाची काही किट ३० अंशांपर्यंत बाहेर राहतात. ओल्या एन्झाइमला उणे २० अंश लागतात. पाकीट फोडल्यावर दमट हवेत ठेवू नका.

१९. आरपीए आणि क्रिस्पर या चाचण्या लॅम्पपेक्षा चांगल्या का?

आरपीए ही आणखी एक समतापी पद्धत. ती ३७ ते ४२ अंशांना चालते, म्हणजे अंगाच्या उबेवरही, आणि २० मिनिटांत उत्तर देते. निकाल रॅपिड किटसारख्या पट्टीवर वाचता येतो. उणी बाजू अशी, की तिचे प्रायमर थोड्याफार न जुळणाऱ्या तुकड्यालाही धरतात, म्हणून जवळच्या जाती वेगळ्या करणं कठीण जातं. शिवाय पट्टीसाठी ट्यूब उघडावी लागली तर प्रश्न १५ मधला धोका आलाच.

क्रिस्परवर आधारित पद्धतींत कॅस-१२ किंवा कॅस-१३ हे एन्झाइम प्रती काढून झाल्यावर तुकड्याची ओळख पटवतात, त्यामुळे जात अचूक ठरते. शेरलॉक ही त्यातली एक पद्धत, आणि मलेरियाच्या नमुन्यांवर ती चांगली चाललेली आहे. पण बहुतेक पद्धतींत प्रती काढायला आधी आरपीए किंवा लॅम्प लागतेच. पायऱ्या कमी होत नाहीत, एक वाढते. रोजच्या कामासाठी आज निवडायची तर मी लॅम्प निवडेन.

२०. सुई टोचायला मुलं रडतात. लाळ किंवा लघवी चालेल का?

परजीवीचा डीएनए दोन्हींत सापडतो, पण रक्ताच्या मानानं फार थोडा. ज्या थोड्या परजीवींसाठी ही चाचणी करायची, नेमके तेच त्यात हुकतात.

२१. खर्च वाचवायला पाच-दहा जणांचं रक्त एकत्र करून तपासलं तर?

मलेरिया विरळ असेल तिथे हे करतात. गट निगेटिव्ह आला की सगळे एका ट्यूबमध्ये मोकळे, पॉझिटिव्ह आला तर प्रत्येकाचा वेगळा नमुना लावायचा. बाधितांचं प्रमाण वाढलं की जवळपास प्रत्येक गट फोडावा लागतो आणि बचत संपते.

पण दहा जणांचं रक्त एकत्र केलं की प्रत्येकाचा वाटा दहावा होतो. ट्यूबमध्ये पाच मायक्रोलिटर जाणार असतील, तर एकेकाचं अर्धा मायक्रोलिटरच जातं, आणि प्रश्न ७ मधलं थेंबाचं गणित दहापट कठोर होतं. पाच जणांच्या गटापुढे मी जात नाही, आणि गर्भवतींचे नमुने कधीच एकत्र करत नाही.